डोळ्याच्या ऑपरेशनची भूल आणि डोळ्याचा रक्तपुरवठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की पेशंट आणि त्यांच्या घरचे जे विचारतात, त्यातले भुलीचे आणि रक्तपुरवठ्याचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लेन्स कुठली घ्यावी, खर्च किती येतो, हे विषय इथे नाहीत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डोळ्याची भूल म्हणजे नेमकं काय करतात? माणूस जागाच असतो ना?

हो, जागा असतो आणि बोलतोही. मोठ्या माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं जवळपास सगळी अशीच होतात. सर्वांत साधा प्रकार थेंबांचा. प्रोपॅराकेनसारखे थेंब डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करतात. डोळा मात्र हलतो आणि दिसतही राहतं. गरज पडल्यास डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात थोडं लिग्नोकेन सोडतात.

बाकीच्या तीन प्रकारांत औषध डोळ्याच्या मागे किंवा भोवती जातं. आपल्याकडे 'इंजेक्शन देऊन ऑपरेशन' म्हणतात ते बहुधा पेरिबल्बर असतं. त्यात सुई डोळ्याच्या गोळ्याच्या बाजूनं जाते आणि साधारण ६ ते १० मि.लि. औषध सोडलं जातं. रेट्रोबल्बरमध्ये सुई आणखी खोल, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या मधल्या जागेत जाते. तिथे ३ ते ५ मि.लि. पुरतं. सब-टेनन प्रकारात टोकदार सुई वापरतच नाहीत. पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला छोटा छेद देऊन बोथट, वाकडी नळी आत सरकवतात आणि ३ ते ५ मि.लि. औषध सोडतात. औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन, बुपिव्हाकेन किंवा दोन्हींचं मिश्रण असतं.

२. या सगळ्याचा रक्तपुरवठ्याशी संबंध काय? सुई तर रक्तवाहिनीत देत नाहीत.

संबंध जागेचा आहे. मोठ्या माणसाच्या डोळ्याची हाडाची खोबणी जेमतेम ३० मि.लि.ची. त्यात सुमारे ७ मि.लि.चा डोळा, सहा स्नायू, नस (दिसण्याचे संदेश डोळ्याकडून मेंदूकडे नेणारी), चरबी आणि रक्तवाहिन्या दाटीनं बसलेल्या असतात. तिथे आणखी ८ मि.लि. द्रव घातला की दाब वाढणारच.

मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या मोठ्या धमनीची एक फांदी डोळ्याकडे वळते आणि तिला दोन प्रकारच्या उपफांद्या फुटतात. एक पडद्याची, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या थराची, मध्य धमनी. ती डोळ्याच्या मागे सुमारे एक सेंटिमीटरवर नसेत शिरते आणि पडद्याच्या आतल्या थरांना रक्त देते. दुसऱ्या, मागून शिरणाऱ्या छोट्या सिलिअरी धमन्या पडद्यामागच्या कोरॉइड थराला आणि नसेच्या तोंडाला रक्त पुरवतात. डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी चार पंचमांशाहून जास्त एकट्या कोरॉइडमध्ये जातं.

आत रक्त शिरायला किती जोर मिळतो, याचा हिशेब वजाबाकीचा आहे: सरासरी रक्तदाब वजा डोळ्याचा आतला दाब. बीपी १३०/८० असेल तर सरासरी सुमारे ९७. डोळ्याचा दाब १५ असेल तर आडव्या पेशंटमध्ये ढोबळमानानं ८२ मि.मी. पाऱ्याचा जोर उरतो. (प्रत्यक्षात थोडा कमी, डोळ्यापर्यंत येता येता धमनीतला दाब जरा उतरतो.) इंजेक्शननं डोळ्याचा दाब २५ झाला तर ७२ उरतात, म्हणजे डोळा निरोगी असेल तर काहीच बिघडत नाही. पण त्याच वेळी बीपी १००/६० वर घसरलं तर सरासरी ७३ आणि उरलेला जोर ४८. नुसती भूल किंवा नुसतं बीपी यापेक्षा दोन्ही एकदम बिघडणं आम्हाला जास्त काळजीचं वाटतं.

३. इंजेक्शननंतर रक्तप्रवाह खरंच कमी होतो का? किती वेळ?

होतो. औषध सोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत डोळ्याचा दाब वाढतो आणि मागच्या धमन्यांमधला वेग मंदावतो. पाच-दहा मिनिटांत औषध पसरतं, दाब उतरतो आणि प्रवाह बराचसा पूर्ववत होतो. काहींमध्ये थोडी घट त्यानंतरही टिकते.

निरोगी पडदा हा काळ सहज निभावतो, कारण पडद्याच्या रक्तवाहिन्या स्वतःच सैल होऊन प्रवाह सांभाळतात. कोरॉइडची ही ताकद कमी, पण तिथे मुळातच गरजेपेक्षा पुष्कळ जास्त रक्त वाहतं. म्हणून लाखो लोकांना ही इंजेक्शनं मिळतात आणि त्यांना काही जाणवतही नाही. प्रश्न येतो तो ज्या डोळ्यांत ही शिल्लक आधीच संपत आलेली असते त्यांचा (प्रश्न १० ते १३).

४. डोळ्याच्या आतलं रक्त मोजतात तरी कसं?

बंद पापणीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून कलर डॉप्लरनं धमन्यांमधला वेग मोजता येतो. दुसरी पद्धत अशी की प्रत्येक ठोक्याबरोबर डोळ्याचा दाब किंचित वरखाली होतो, त्यावरून आत उसळत येणाऱ्या रक्ताचा अंदाज बांधतात. दोन्ही पद्धती अभ्यासासाठी उत्तम आहेत. रोजच्या ऑपरेशनआधी त्या करत नाहीत आणि कराव्यात असं मलाही वाटत नाही. डोळ्याचा दाब, बीपी आणि नसेची तपासणी एवढ्यावर निर्णय घेता येतो.

५. रक्तप्रवाह औषधामुळे कमी होतो की दाबामुळे?

बराचसा दाबामुळे. म्हणून कोणतं औषध यापेक्षा किती औषध आणि किती घाईनं सोडलं, हे आधी पाहावं. हळू सोडलेल्या औषधाला पसरायला वेळ मिळतो. मिश्रणात हायल्युरोनिडेज असेल तर ऊतींमधला चिकट अडसर सैल होतो आणि द्रव एका जागी तुंबत नाही.

पण डोळ्याचा आतला दाब म्हणजे सगळी गोष्ट नव्हे. काही तपासण्यांत आतला दाब फारसा वाढला नव्हता, तरी ठोक्याबरोबर येणारी उसळी कमी झालेली दिसली. सब-टेनन भुलीतही हे आढळलं आहे. म्हणजे डोळ्याच्या बाहेर, मागच्या बाजूला धमन्यांवर येणारा दाबही हिशेबात घ्यावा लागतो. तो आपल्या नेहमीच्या यंत्रावर दिसत नाही.

औषधाचा स्वतःचा परिणाम ठळक दिसतो तो अ‍ॅड्रिनॅलिन मिसळल्यावर. ते रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे भूल जास्त टिकते आणि रक्तस्राव कमी होतो. मात्र डोळ्याच्या धमन्याही त्यात आवळल्या जातात. नस कमजोर असलेल्या पेशंटला ते न देणं बरं. बुपिव्हाकेन एरवीही बराच वेळ टिकतं. तासाभराच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅड्रिनॅलिनची खरी गरज क्वचितच पडते.

डोळ्याची पहिली भूल तर रक्तवाहिन्या आवळणारीच होती. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब वापरून डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्या थेंबांनी लाल डोळासुद्धा पांढरा पडायचा.

६. इंजेक्शननंतर बाबांच्या डोळ्यावर दहा मिनिटं चेंडू बांधून ठेवला होता. दाब वाढलेला असताना वरून आणखी दाबायचं?

शंका अगदी बरोबर आहे. तो रबरी चेंडू, ज्याला ऑपरेशन थिएटरमध्ये पिंकी बॉल म्हणतात, औषध पसरवण्यासाठी आणि डोळा मऊ करण्यासाठी बांधतात. डोळा मऊ असेल तर ऑपरेशन करताना आतला भाग पुढे ढकलला जात नाही. काही ठिकाणी हवा भरायचा होनान बलून वापरतात, तर काही ठिकाणी नुसत्या बोटांनी दाबतात.

काढल्यावर दाब कमी होतो, पण बांधलेला असताना तो वाढलेलाच असतो. होनान बलूनला दाबाचा काटा असतो आणि तो साधारण ३० मि.मी.वर ठेवतात. चेंडूला काटा नसतो. इलॅस्टिक किती ताणलं यावर सगळं अवलंबून. एकामागून एक पेशंट येत असतात त्या शिबिराच्या दिवशी तर चेंडू किती वेळ राहिला हे घड्याळ लावूनच पाहायला हवं. बोटांनी दाबताना दर काही सेकंदांनी सोडायचं, म्हणजे रक्ताला वाट मिळते. काचबिंदू पुढे गेला असेल तर आम्ही चेंडू बांधतच नाही. औषध कमी देतो आणि थांबतो.

७. मग नुसत्या थेंबांवर करा ना! थेंबांनी तर काहीच होत नाही.

थेंबांनी मागे द्रव साचत नाही आणि धमन्यांवर दाब येत नाही, हे खरं. सरळसाध्या फेकोसाठी (छोट्या छेदातून यंत्रानं मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन) थेंब हाच पहिला पर्याय आहे. पण त्यात डोळा हलतो. पेशंटला ऐकू नीट येत नसेल, मान थरथरत असेल, मोतीबिंदू फार पिकलेला असेल किंवा पडद्याचं लांबणारं ऑपरेशन असेल, तर डोळा स्थिर हवाच. अर्धवट भुलीत दुखलं की पेशंट श्वास रोखतो, बीपी चढतं आणि डोळ्यावर ताण येतो. तेही नकोच.

शिवाय थेंबांवर केलेल्या फेकोतही डोळ्याचा दाब वाढतोच, कारण यंत्रातून येणारं पाणी डोळा फुगवून ठेवतं. बाटली डोळ्याच्या १०० सेंटिमीटर वर टांगली आणि पाणी आत-बाहेर वाहत नसेल, तर आत सुमारे ७४ मि.मी.चा दाब होतो. पाणी वाहू लागलं की उतरतो. ७४ म्हणजे अनेकांच्या बीपीचा खालचा आकडा! म्हणून नाजूक नसेच्या डोळ्यात बाटली खाली ठेवतात किंवा यंत्रावर कमी दाब लावतात. भुलीवर तासभर चर्चा करणाऱ्यांनी बाटलीच्या उंचीबद्दलही एक प्रश्न जरूर विचारावा.

८. इंजेक्शन दिल्यावर आईला त्या डोळ्यानं उजेडही दिसेना. नस गेली की काय?

बहुधा नाही. औषध नसेपर्यंत पोचलं की नसही बधिर होते. काहींना अंधुक दिसतं, काहींना काहीच नाही. भुलीचा हा अपेक्षित परिणाम आहे आणि काही तासांत उतरतो. पापणी न उघडणं किंवा एकाचे दोन दिसणं यांनाही तेवढाच वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावरही उजेड दिसत नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे (प्रश्न १७).

९. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घ्यायची का?

तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम बंद सांगितली नसेल तर नेहमीच्या वेळी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. चुकवली तर टेबलावर बीपी १९०-२०० दिसतं, मग घाईनं उतरवायचा मोह होतो. वर्षानुवर्षं जास्त बीपीची सवय झालेल्या रक्तवाहिन्यांना अचानक उतरलेलं बीपी झेपत नाही. आणि प्रश्न २ मधली वजाबाकी आठवा: डोळ्याचा दाब वाढलेला असतानाच बीपी पाडायचं, असं ते होतं. बीपी फारच जास्त असेल तर ऑपरेशन काही दिवस पुढे ढकललेलं चांगलं.

१०. शुगर आहे. वेगळी काळजी लागते?

लागते. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांची स्वतःला सांभाळून घ्यायची ताकद कमी होते. प्रश्न ३ मधली शिल्लक ती हीच. पडद्यावर मधुमेहाचे बदल असतील तर ते भूल देणाऱ्यालाही माहीत हवेत. आमचा कल मग थेंब किंवा कमी औषधाच्या सब-टेननकडे असतो. उपाशी राहायचं की नाही आणि इन्सुलिन किती घ्यायचं, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. भुकेनं शुगर उतरलेला पेशंट टेबलावर घामाघूम होतो, तेव्हा कारण शोधण्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

११. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आठ दिवस आधी बंद करू?

स्वतःच्या मनानं नाही. स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसानं गोळी थांबवली तर जिवावर बेतू शकतं. मोतीबिंदूसाठी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सहसा चालूच ठेवतात. वॉरफरिनवर असाल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) ठरलेल्या मर्यादेत आहे ना एवढं पाहतात. नव्या गोळ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांचं मत घेतात. गोळी बंद करण्यापेक्षा भुलीचा प्रकार बदलणं सोपं असतं.

भीती असते ती सुईनं मागची रक्तवाहिनी फुटण्याची. ते क्वचित घडतं, पण घडलं तर डोळा झपाट्यानं पुढे येतो, पापण्या ताठ होतात आणि दाब इतका चढतो की पडद्याची धमनी बंद पडू शकते. तेव्हा ऑपरेशन थांबवतात, दाब उतरवायची औषधं देतात आणि गरज पडली तर डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून खोबणीतला दाब मोकळा करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तो छोटा काप नजर वाचवतो आणि नंतर भरून येतो.

सुईचं तंत्रही बदललं आहे. पूर्वी पेशंटला वर आणि नाकाकडे बघायला सांगून ३८ मि.मी.ची सुई घालत. त्या नजरेत नस नेमकी सुईच्या वाटेवर येते, हे सीटी स्कॅनवर दिसलं. आता समोर बघायला सांगतात आणि सुई ३१ मि.मी.हून खोल नेत नाहीत. पेरिबल्बर १९८६ साली आणि बोथट नळीची सब-टेनन १९९२ साली पुढे आली, ती याच वाटेनं.

१२. काचबिंदू खूप पुढे गेला आहे. मधली थोडीच नजर उरली आहे. भुलीनं तीही जाईल का?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, आणि आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. पुढे गेलेल्या काचबिंदूत ऑपरेशननंतर उरलेली मधली नजर अचानक जाणं, हे वैद्यकात फार जुनं भय आहे. आजच्या तंत्रात ते क्वचित घडतं. घडलं तर कारण भूल, ऑपरेशनमधला दाब की नंतर चढलेला दाब, हे ठामपणे सांगता येत नाही. पण ज्या नसेत मोजकेच तंतू उरले आहेत, तिला दहा मिनिटांचा दाबही कशाला द्यायचा?

म्हणून इथे थेंब, किंवा अगदी कमी औषधाची सब-टेनन. अ‍ॅड्रिनॅलिन नाही, चेंडू नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाब तपासायचा. काचबिंदूचे थेंब चालू ठेवायचे की नाही हे लिहून घ्या. 'ऑपरेशन झालं, आता जुने थेंब बंद' असं समजून परस्पर बंद करणारे बरेच भेटतात.

१३. एका डोळ्याची नस दोन वर्षांपूर्वी रक्तपुरवठा थांबून सुकली. आता दुसऱ्या, चांगल्या डोळ्याला मोतीबिंदू आहे.

हे पहिल्याच भेटीत सांगा, अगदी विचारलं नाही तरी. नसेच्या तोंडाचा रक्तपुरवठा थांबण्याचा हा विकार एका डोळ्याला झाला असेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्यालाही होण्याचा धोका वाढतो. अशा लोकांच्या नसेचं तोंड बहुधा जन्मतःच लहान आणि दाटीचं असतं. ऑपरेशन करायचंच नाही असं नव्हे. मोतीबिंदूमुळे खरोखर अडत असेल तरच करायचं, थेंबांवर करायचं, बाटली खाली ठेवायची आणि बीपी पडू द्यायचं नाही. रात्री बीपीच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेत असाल तर त्याबद्दल फिजिशियनशी बोला, कारण झोपेत बीपी आधीच उतरलेलं असतं.

दुसरा डोळा वेगळ्याच कारणानं गेलेला असेल तरी 'एकच डोळा' हे भूल ठरवताना मोठं कारण धरतात. टोकदार सुई शक्यतो टाळतात.

१४. भूल देताना भावाच्या हृदयाचे ठोके एकदम कमी झाले. हे काय?

डोळ्यावर दाब आला किंवा स्नायू ओढला गेला की चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूतून मेंदूत आणि तिथून हृदयाकडे संदेश जातो, ठोके मंदावतात. लहान मुलांच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये हे जास्त दिसतं. ठोके उतरले की बीपी उतरतं आणि डोळ्याला मिळणारा जोरही. दाब सोडला की बहुधा लगेच सुधारतं, नाहीतर अ‍ॅट्रोपिन देतात. म्हणूनच साध्या मोतीबिंदूलाही बोटाला क्लिप आणि छातीला तारा लावलेल्या असाव्यात.

१५. इंजेक्शन उजव्या डोळ्याला दिलं आणि दिसायचं डाव्याचं बंद झालं, असं होऊ शकतं?

फार क्वचित, पण हो. नसेभोवतीचं आवरण मेंदूच्या आवरणाला जोडलेलं असतं. सुई त्यात शिरली तर औषध मेंदूकडे जातं. दुसऱ्या डोळ्यानं दिसेनासं होणं, झोप येणं, बोबडं बोलणं, श्वास अडणं ही त्याची लक्षणं. रक्तप्रवाहाशी याचा संबंध नाही. तरी इथे घेतलं, कारण दुसऱ्या डोळ्याची तक्रार नातेवाईक 'घाबरलीये' म्हणून झटकतात. वेळीच श्वासाला आधार दिला तर काही तासांत पेशंट पूर्ण बरा होतो.

१६. त्यापेक्षा पूर्ण भूल देऊनच करा.

लहान मुलं, खूप घाबरलेले किंवा समजून न घेऊ शकणारे पेशंट यांच्यासाठी जरूर. पण पूर्ण भुलीत बीपी उतरतं, आणि उठताना खोकला आला की डोळ्याचा दाब चढतो. वजाबाकीतले दोन्ही आकडे तिथेही हलतातच. वृद्ध, हृदयरोगी माणसाला नुसत्या डोळ्यासाठी पूर्ण भूल देणं बहुधा तोट्याचं ठरतं.

१७. घरी आल्यावर काय दिसलं तर लगेच फोन करायचा?

परत येऊन पुन्हा गेलेली नजर. उलटीसह वाढत जाणारी डोळ्याची किंवा त्या बाजूच्या डोक्याची दुखी. पुढे आलेला, ताठ डोळा. नजरेसमोर एका बाजूनं आलेला काळा पडदा. भूल उतरायची वेळ होऊन गेल्यावरही उजेड न दिसणं.

रात्री दोन वाजलेत म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवात काम केलेले सोहन सिंग हायरे यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की मध्य धमनी पूर्ण बंद केल्यावर पडदा सुमारे दीड तास तग धरतो. चार तासांनंतर नुकसान कायमचं होतं. माणसात तेवढा वेळ मिळेलच, असं धरून चालू नये.

१८. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला आहे. आम्ही महाबळेश्वरला राहतो. आणि पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे.

दोन्ही गोष्टी त्या ऑपरेशनच्या डॉक्टरांना आधी सांगा. दाढ नुसत्या हिरडीच्या इंजेक्शननं काढणार असतील तर गॅसला त्रास नाही. पण कुठल्याही भुलीत नायट्रस ऑक्साइड (भुलीसाठी हुंगवायचा वायू) वापरणार असतील तर ते डोळ्यातल्या बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतं, दाब झपाट्यानं चढतो आणि पडद्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो. असं होऊन नजर गेलेली उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. दवाखान्यानं मनगटावर पट्टी बांधली असेल तर गॅस जाईपर्यंत ती काढू नका.

घाटाचं कारणही तेच. उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि बुडबुडा फुगतो. विमान वर्ज्यच, पण मुंबईत किंवा साताऱ्यात ऑपरेशन करून त्याच दिवशी गाडीनं १३०० मीटरच्या पुढे चढणंही धोक्याचं आहे. गॅस कोणता यावर मुदत ठरते: एसएफ-६ साधारण दोन आठवडे राहतो, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे. तोवर खालीच नातेवाइकांकडे राहायची सोय करा, आणि बुडबुडा गेला हे डॉक्टरांनी डोळा तपासून सांगितल्यावरच घाट चढा.